टेप संपली तिथून पुढे

ती धून माझी नाही. चारच शब्द आहेत, पण तोंडातून बाहेर यायला त्यांना नऊ वर्षं लागली, आणि आले तेव्हाही घराबाहेर कुणी ऐकून घेतले नाहीत. कळंब्यापासून पार कागलपर्यंत कुठल्याही वरातीत ती अजून वाजते. बेंजोची पहिली तार छेडली, पोरांनी हात वर केले, की मी काढता पाय घेतो. बायको म्हणते, स्वतःच्याच गाण्याला भिऊन पळणारा माणूस तिनं दुसरा बघितला नाही.

आमच्याकडं बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याच्याभोवती ढोल, ताशा, हलगी आणि कॅसिओ जमवून जी पार्टी होते तिलाही बेंजोच म्हणतात. नव्वद सालानंतर लग्नांत ब्रास बँड मागं पडत गेला आणि बेंजो पुढं आला. आमच्या घरात हा बदल एकाच छपराखाली झाला. आबा, म्हणजे माझे वडील, ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या, खाली मात्र घरचीच पँट. लग्नसराई संपली की तेच आबा लोकांच्या घरांची कौलं चाळायला जायचे. आणि मी त्यांचा मुलगा, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला एकदा नापास झालेला, कोल्हापूरच्या कडेला कळंब्यात आमची वस्ती, तिथल्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचो.

आबांची एक वही होती. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात त्यांनी वाजवलेलं प्रत्येक गाणं सारेगमप करून लिहिलेलं असायचं आणि वर ठळक अक्षरांत ते कुणाचं आहे त्याचं नाव. चाल कुणाची ते कळल्याशिवाय ते वहीत गाणं घेतच नसत. एखाद्या गाण्याच्या संगीतकाराचं नाव विचारायला ते पावसात सायकल हाणत शाहूपुरीतल्या कॅसेटच्या दुकानापर्यंत गेलेले मला आठवतात. आई म्हणायची, "मिळणार काय हाय त्यातनं? नाव ठावं नसलं म्हणून नवरी घोड्यावरनं पडणार हाय व्हय?" आबा म्हणायचे, "घोड्यावर नवरी नसती, नवरा असतोय." एवढंच उत्तर.

मला त्या वहीचा राग यायचा. खरं तर मला त्या वयात सगळ्याचाच राग यायचा. कॉलेजचा, वस्तीचा, आबांच्या लाल कोटाचा, कुणाच्याही लग्नात कुणाचीही गाणी वाजवण्याचा. बसल्या जागी माझी बोटं मांडीवर वाजत राहायची. जेवताना ताटाच्या कडेवर वाजायची. आई चमचा मारायची तेव्हा थांबायची.

कॉलेजात बारावी सायन्सला माझा एक मित्र होता, राजारामपुरीतल्या एका प्राध्यापकांचा मुलगा. त्याचा मामा अमेरिकेत होता आणि सुट्टीवर येताना भाच्याला कॅसेटी आणायचा. एके दिवशी तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं माझं आडनाव विचारलं, "हो का, बरं बरं" म्हणाली आणि चहा दिला. चहा चांगला होता. तिच्या त्या दोन 'बरं'मधलं अंतर मी पुढं कितीतरी दिवस मोजत होतो. पण मित्रानं दार लावून कॅसेट घातली आणि मी ते विसरलो.

एका रॉक बँडची ती कॅसेट. जगभर लाखांनी खपली, असं मित्र सांगत होता, जणू सगळ्या त्यानंच विकल्या होत्या. मला बँड म्हटल्यावर लाल कोटच दिसायचे. पण मित्रानं कॅसेट पुढं सरकवून जे गाणं लावलं त्यात आधी नुसता ढोल सुरू झाला. ढोलच तो, त्याला ड्रम म्हणा. एकेक ठोका, मध्ये मोठी मोकळी जागा. मग पुष्कळ माणसं बिनशब्दांचं काहीतरी ओरडली आणि वर तार कडाडली. मी म्हणालो, "बेंजो हाय की रं हा!"

मित्र हसून लोळायचा बाकी राहिला. म्हणाला, "अरे, गिटार आहे ती. इलेक्ट्रिक. आवाज मुद्दाम फाडलाय." आमच्या पार्टीच्या ॲम्प्लिफायरचा आवाज दोन वर्षं फाटलेला होता आणि दुरुस्तीला कुणी खिशात हात घालत नव्हतं. हे लोक मुद्दाम फाडतात म्हटल्यावर मला एकदम घरचं वाटायला लागलं.

ह्या प्रकाराला अरेना रॉक म्हणतात, असं त्यानं सांगितलं. म्हणजे मैदानात वाजवायचा रॉक. आता कोल्हापुरात मैदान म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते. मला कुस्त्यांचं खासबाग मैदान दिसलं. गोल पायऱ्यांवर माणूस ठासून भरलेला, खाली तांबडी माती, आणि त्या मातीत लांब केसांचे चार गोरे गिटारी घेऊन उभे. मी विचारलं, "एवढा आवाज लोकांचाच काय?" तो म्हणाला, "नाही, हे बंद खोलीत केलंय, स्टुडिओत. तिथं चारच माणसं असतील." हे मला पचायला वेळ लागला. बंद खोलीत बसून त्यांनी हजारो माणसांसाठी जागा सोडली होती. ठोक्यांच्या मधली ती मोकळी जागा लोकांनी भरायची होती. असलं काही आमच्या कुठल्याच गाण्यात नव्हतं, निदान मला तरी तसंच वाटलं, आणि मला रात्रभर झोप आली नाही.

मित्रानं कॅसेट दोन दिवसांच्या बोलीवर दिली. शाहूपुरीतल्या त्याच दुकानात मी तिची नक्कल करून घेतली. माझ्याकडं कोरी कॅसेट साठ मिनिटांची होती, एका बाजूला तीस. मूळ कॅसेटची पहिली बाजू तीसपेक्षा थोडी जास्त होती. दुकानदार म्हणाला, "पावणं, शेवटाला थोडं तुटंल बघा." मी म्हणालो, तुटू दे.

तुटलं ते नेमकं मला सगळ्यात आवडलेलं गाणं. पहिल्या बाजूचं शेवटचं. ढोल, मग माणसांचं ओरडणं, मग गिटार एकेक पायरी वर चढत जाते, आणि अगदी वर पोचली की खट्. टेप संपते. पहिल्यांदा ऐकताना मित्राच्या घरी पुढचा भाग ऐकला असणार, पण तेव्हा मी मनानं खासबागेत होतो, माझ्या लक्षात काही राहिलं नव्हतं. मित्राला महिन्याभरात पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तो कॅसेटींसकट गेला.

मी ते गाणं बेंजोवर बसवलं. चढापर्यंत सगळं जसंच्या तसं. पण वर जाऊन सोडून देता येत नाही ना. ढोल चालू असतो, पोरं नाचत असतात, त्यांना खाली आणावं लागतं. कॅसेट तिथं गप्प व्हायची आणि मी रोज बेंजो मांडीवर घेऊन त्या खट्च्या पुढं काय असेल ते शोधत बसायचो. चार-पाच प्रकार करून टाकून दिले. शेवटी एक उतार सापडला. सरळ खाली न येता मध्ये दोनदा थबकणारा, परत वर बघणारा आणि मग हलगीच्या ठेक्यावर येऊन टेकणारा. सापडला तेव्हा मी एकटाच मोठ्यांदा हसलो होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय खुळा झाला काय?"

पुढच्या एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही ती धून काढली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आम्ही, मागं जनरेटर, पुढं निळे झेंडे. ऊन नुकतंच उतरलं होतं. ढोलवाल्याला मी बजावलं होतं, ठोक्यांच्या मध्ये काही भरू नकोस, मोकळं सोड. त्याला ते अजिबात मान्य नव्हतं. ढोलवाल्यानं जागा मोकळी सोडायची म्हणजे त्याच्या अब्रूचा प्रश्न. पण त्यानं सोडली. आणि तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला ती जागा लोकांनी भरली. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप वर गेले आणि "हो! हो!" असा आवाज उठला. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. त्या बंद खोलीतल्या चार माणसांना हे कसं आधीच माहीत होतं, ह्याचं मला आश्चर्य वाटत होतं. मग मी चढलो, आणि खट्च्या पुढं माझा उतार घेतला, आणि सगळी गल्ली माझ्याबरोबर खाली आली.

आबा ट्रॉलीच्या बाजूनं चालत होते. त्या दिवशी त्यांच्याकडं क्लॅरनेट नव्हतं, डोक्याला निळा फेटा होता. त्यांनी ट्रॉलीची फळी धरली आणि ओरडून विचारलं, "कुणाचं रं हे?"

त्यांना वहीसाठी हवं होतं, दुसरं काही नाही. मी "इंग्रजी हाय" एवढं म्हणालो असतो तर ते मान हलवून पुढं चालले असते. पण गल्ली अजून ओरडत होती आणि माझं डोकं आभाळाला लागलं होतं. मी म्हणालो, "माझं!"

आबा चालायचे थांबले. ट्रॉली पुढं गेली आणि ते मागं राहिले, एवढं मला दिसलं. ढोलवाल्यानं नंतर सांगितलं की ते शेजारच्या माणसाला दंडाला धरून म्हणत होते, "आमच्याचं हाय. सोताचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही काढली. मला वाटलं आता लिहून घेतील. त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "मी दुसऱ्याची लिवतो. तुझं तू लिव. पान सोडलंय."

मी ते पान लिहिलं नाही. आज लिहितो, उद्या लिहितो करत राहिलो. सारेगमप लिहायला काय, दहा मिनिटांचं काम. पण वर नाव घालावं लागलं असतं. महिन्या-दोन महिन्यांतून आबा विचारायचे, "लिवलंस का?" मी चिडून म्हणायचो, "लिहितो की, पळून चाललंय काय?" चोर तो चोर, वर आवाज माझाच मोठा. ते पुढची गाणी पुढच्या पानांवर लिहीत गेले आणि मधलं ते एक पान तसंच राहिलं. वही उघडली की तिथंच उघडायची, कारण मी सारखा तिथंच बघायचो.

धून मात्र माझ्या हातात राहिली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन पार्ट्यांनी उचलली, मग गणपतीत आली, मग लग्नांत. लोक तिला 'कळंबा' म्हणायला लागले. "कळंबा वाजवा की!" अशी फर्माईश यायची. मी नापास होण्याचा नाद सोडून तांत्रिक काम शिकलो आणि पुढं कागल पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर लागलो. तिथंही नवीन पोरं ओळख करून घ्यायची ती, "कळंबावाले तुम्हीच नव्हं? नाद खुळा!" अशी. मी हसायचो आणि जॉब, म्हणजे मशीनवरचा तयार भाग, मोजायला घ्यायचो. शिफ्ट संपली की बसमध्ये मला एका जागी बसवायचं नाही. दारात उभा राहायचो, दांड्यावर बोटं वाजवत. आनंद व्हायचा तोही खाजेसारखा, आत कुठंतरी, खाजवता न येणारा.

मग घरोघरी केबल आली. एका रविवारी दुपारी ढोलवाला धावत आमच्या दारात आला. "आरं, तुझी धून लावलीया टीव्हीवर! गोरी वाजवाय लागल्यात!"

आबांनी टीव्ही लावला. मी मागं दाराला टेकून उभा. खरोखरच एक भलंमोठं मैदान, माणसांचा समुद्र आणि ते चौघे. आता म्हातारपणाकडं झुकलेले, पण केस तेवढेच. ढोल, मोकळी जागा, लाखभर हात. आई म्हणाली, "ह्यांना कुठनं मिळाली म्हणायची?" ढोलवाल्याकडं उत्तर तयार होतं. "त्या साली मिरवणुकीत एक गोरा कॅमेरा घिऊन हिंडत हुता की! त्यानंच नेली."

असा एक गोरा त्या वर्षी खरंच होता, पन्हाळा बघायला आलेला. बिचाऱ्याला ट्रॉलीवर चढवून कुणीतरी फेटाही बांधला होता. तासाभरात वस्तीत एकमत झालं की गोऱ्यांनी कळंबा चोरला.

आबा मात्र गाणं शेवटपर्यंत ऐकत होते. पडद्यावर गिटार चढली, वर पोचली, आणि मी नऊ वर्षांनी पहिल्यांदा त्या खट्च्या पुढचं लक्ष देऊन ऐकलं. काही नव्हतं. ते वर जाऊन तिथंच थांबले, एक सूर लांब ताणून धरला आणि दिवे गेले. आबांनी टीव्ही बंद केला. "चोरली ती चोरली," ते म्हणाले, "शेवट काय जमला न्हाय त्यास्नी."

मला हसू यायला हवं होतं. पण आबा उठून ट्रंकेतला पांढरा शर्ट काढत होते. कोर्टात आमच्यापैकी एक वकील होते. आबा उद्या त्यांच्याकडं जाणार होते, वहीचं पान आणि मंडळानं तेव्हा काढून घेतलेली मिरवणुकीची व्हिडिओ कॅसेट घेऊन. "पान लिवून ठेव आज," त्यांनी मला सांगितलं. "पुरावा लागंल."

सोमवारी मी रजा टाकली. पान कोरंच होतं. आबा इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत वही मारून बसथांब्यावर उभे होते. त्यांनी दाढी केली होती आणि गालावर जरा कापलं होतं. ते वकिलाच्या टेबलापुढं बसणार, ते वकील गोऱ्यांच्या कॅसेटचं साल विचारणार, आणि मग आबांच्या तोंडाकडं कोण बघणार? मला ते सहन होईना. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि रस्त्याकडं बघत म्हणालो, "आबा, ती धून माझी न्हाय."

"मग कुणाची?"

"त्यांचीच. मी कॅसेटवरनं उचलली."

बस आली. कंडक्टरनं बेल मारली, "येताय का ओ?" म्हणाला, गेली. आबा वही काखेतून काढून हातात घेऊन उभे होते.

"कॅसेट हाय?"

होती. माळ्यावर, जुन्या बुटांच्या खोक्यात. घरी येऊन त्यांनी ती टेपमध्ये घातली आणि जमिनीवर बसून ऐकली. गिटार चढली. खट्. त्यांनी टेपकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"फुडचं?"

"फुडचं नव्हतंच. टेप संपली. फुडचं मी जोडलं."

ते उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले. मी मागोमाग. तिथं दहा-बारा माणसं होती, ढोलवालाही होता. आबा उभ्या उभ्या म्हणाले, "आयका. गोऱ्यांनी काय चोरलं न्हाय. आमच्यानं त्यांचं चोरलंय. शेवट तेवढा त्याचा हाय."

मी टपरीच्या खांबाआड सरकलो. पण ढोलवाला म्हणाला, "आबा, काय बोलताय! वकिलाला भ्यालासा व्हय?" दुसरा म्हणाला, "मोठ्या मनाचा माणूस, म्हणून असं म्हणतोय." टपरीवाल्यानं चहा पुढं केला आणि पैसे घेतले नाहीत. आबा दोनदा, तीनदा सांगत राहिले, आवाज चढवून, शेवटी शिवी घालून. कुणी ऐकेना. कळंबा कळंब्याचाच होता.

वाटेत मी त्यांच्यावर भडकलो. "चारचौघांत सांगायची काय गरज हुती? मला घरात मारायचं हुतंसा, ऐकून घेतलं असतं की मी."

आबा चालतच म्हणाले, "तीस वर्सं लोकांची गाणी वाजवली. उन्हात, पावसात, दारुड्यांच्या म्होरं. एकदाबी म्हणलो न्हाय, माझं हाय म्हणून. त्येवढंच एक माझं हुतं." मग कोपरा वळताना, "आनि त्या दिवशी वाटलं, चला, आमच्याकडनं झालं न्हाय, ह्याच्याकडनं तरी झालं."

मी त्यांच्या मागं चालत राहिलो. घरी आल्यावर त्यांनी चष्मा लावला, वही कोऱ्या पानावर उघडली आणि म्हणाले, "वाजीव." मी बेंजो काढला. चढाचे सूर त्यांनी लिहून घेतले, वर नाव घातलं, 'इंग्रजी बँड', कारण दुकानदारानं कॅसेटवर खरडलेलं खरं नाव आम्हा दोघांनाही नीट वाचता येत नव्हतं. मग पट्टीनं मधोमध रेघ मारली. रेघेखाली माझं नाव लिहिलं आणि उतार लिहून घेतला. थबकण्याच्या दोन जागा तीन-तीनदा वाजवायला लावल्या. साडेतीन ओळी झाल्या.

वहीत पुढची पानं भरलेली होती, म्हणून त्यांनी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर माझं नाव परत लिहिलं. फक्त नाव, खाली काही नाही. "हितनं पूर्ण तुझं लिव," म्हणाले.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडं आहे. सुट्टीच्या दिवशी मी बेंजो मांडीवर घेतो आणि वही उलटी उघडून ठेवतो. बोटं वाजत राहतात, ताटावर, दांड्यावर, तारांवर. त्या साडेतीन ओळींच्या पुढं माझी म्हणून एकही ओळ अजून आलेली नाही, आणि शेवटच्या पानावर वर नुसतं माझं नाव आहे.